सिस्टरांबरोबर मागायला

अंधेरी पूर्वेला लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर या धर्मभगिनींचा वृद्धाश्रम आहे. लोक देतात त्यावर हे घर चालतं, पण लोक आपणहून आणून देतील म्हणून सिस्टर वाट बघत बसत नाहीत. दोघी-दोघी बाहेर पडतात आणि मागतात. बाजारात, दुकानांत, ऑफिसांत, रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात. याला त्या ‘कलेक्टिंग’ म्हणतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले. मागायला कसं शिकले, आणि ही रीत ज्या बाईने घालून दिली तिची ओळख कशी होत गेली, ते इथे लिहिते आहे. आमच्या वसईकडेसुद्धा सिस्टर म्हटलं की शाळा किंवा दवाखाना एवढंच डोळ्यांसमोर येतं, त्यामुळे हे कुणीतरी लिहायला हवं असं बरेच दिवस वाटत होतं.

या घराशी माझा संबंध आला तो आत्यामुळे. आत्याने लग्न केलं नाही. सोळाव्या वर्षापासून ती मुंबईत लोकांच्या घरी स्वयंपाक करायची, आणि पुढे उमेदीची सगळी वर्षं वांद्र्याच्या एकाच कुटुंबात गेली. ते लोक परदेशी गेले, आत्या आमच्याकडे आली आणि वर्षभरात पडून खुबा मोडून घेतला. आम्ही दोघंही नोकरीला. दिवसभर बाई ठेवली, पण रात्री-अपरात्री तिला उठवणं-बसवणं जमेना. आमच्या धर्मग्रामाच्या फादरांनी या घराचं नाव सुचवलं. अर्ज, डॉक्टरांचे कागद, आधार कार्ड हे सगळं नेहमीसारखंच झालं. साठीच्या पुढचं वय आणि गाठीला फारसं काही नसणं एवढं त्यांना पुरतं, धर्म कुठला याची अट नाही.

मग भेटीला बोलावलं. मदर सुपिरियरनी, म्हणजे घराच्या प्रमुख सिस्टरांनी, मला व्हरांड्यात बसायला सांगितलं आणि आत्याला एकटीला आत घेतलं. मला ते खटकलं होतं. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, “मला विचारत होत्या, तुमची स्वतःची इच्छा आहे ना इथं येण्याची? का घरच्यांना अडचण नको म्हणून येताय?” आत्याच्या उभ्या आयुष्यात तिची इच्छा विचारणारं कुणी भेटलं असेल असं मला वाटत नाही. आम्हीसुद्धा विचारली नव्हती. तिने दोन दिवस मागून घेतले आणि मग हो म्हणाली.

तिच्या शेजारच्या आजी कऱ्हाडकडच्या. त्यांच्या एकादशीला सिस्टर आठवणीने साबुदाणा भिजवायच्या. दर शनिवारी मी जायचे, तेव्हा स्वयंपाकघरात भाजी निवडायला बसायचे. तिथेच कळलं की ती भाजी विकत आणलेली नसते.

निवृत्तीनंतर मी विचारलं, मीही येऊ का? कलेक्टिंगचं काम बघणाऱ्या सिस्टर केरळच्या होत्या. हिंदी चांगली, मराठी मात्र मंडईत शिकलेली, त्यामुळे बोलताना ‘जुडी’, ‘पाटी’, ‘वाटा’ हे शब्द अगदी अचूक. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. आधी मला गाडीत बसून पावत्या लिहायला लावल्या. नंतर पिशव्या धरायला. तोंड उघडून मागायची पाळी बरीच उशिरा आली, आणि त्याआधी काय करायचं नाही ते नीट समजावून सांगितलं. आकडा सांगायचा नाही. दुकानात गिऱ्हाईक असेल तर बाजूला थांबायचं. भवानी झाल्याशिवाय कुणापुढे उभं राहायचं नाही. कमी दिलं तर तोंडावर दिसता कामा नये, आणि नाही म्हणाले तरी तितक्याच मनापासून थँक यू म्हणायचं. कुणी वाईट बोललं तर उत्तर द्यायचं नाही. शेवटचं सांगितलं ते मला सगळ्यांत जड गेलं: नाही म्हणणाऱ्याचं नाव लक्षात ठेवायचं नाही, कारण पुढच्या आठवड्यात त्याच्याही पुढे तितक्याच सरळ मनाने उभं राहायचं असतं.

मी आयुष्यभर काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेली. लोक माझ्याकडे मागायला यायचे आणि नियमात बसत असेल तर मी द्यायचे. आता भाजीच्या गाळ्यासमोर रिकामी पिशवी घेऊन उभं राहायचं म्हणजे पोटात गोळाच आला. कांदेबटाट्याच्या व्यापाऱ्याने माझ्याकडे बघितलंही नाही, काट्यावरची नजर न काढता म्हणाला, “आज माल हलका आहे, पुढच्या आठवड्यात बघू.” सिस्टरांनी त्याला थँक यू म्हटलं, त्याच्या आईची तब्येत विचारली आणि पुढे निघाल्या. जमिनीवर गोणपाट टाकून कोथिंबीर विकणाऱ्या एका मावशीने आम्ही काही बोलायच्या आतच चार जुड्या पिशवीत टाकल्या. वर आलं, मिरच्या. मी पावतीपुस्तक काढलं तर म्हणाली, “राहू दे गं ते. ती गाणारी म्हातारी बरी आहे ना?” ती कधीतरी घरी येऊन सगळ्या आजी-आजोबांना भेटून गेली होती.

त्याच दिवशी बाजाराच्या टोकाला एका दुकानदाराने आम्हाला चारचौघांत सुनावलं. धडधाकट आहात, कामं करा, लोकांना बाटवायला पैसे हवेत तुम्हाला, वगैरे. माझे कान तापले. साबुदाणा भिजवणाऱ्या या बायकांना हा माणूस काय बोलतोय, असं ओरडून सांगावंसं वाटलं. सिस्टर त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबल्या, नमस्कार केला आणि वळल्या. गाडीत बसल्यावर त्यांनी मला ही मागण्याची रीत घालून देणाऱ्या जान जुगांची गोष्ट सांगितली. ती अशीच मागायला गेली असताना एका माणसाने तिच्या थोबाडीत मारली. ती म्हणाली, “हे मला मिळालं, आभारी आहे. आता माझ्या गरिबांसाठी काहीतरी द्या.” तिच्या मंडळात ही गोष्ट आजही सगळ्या सांगतात. मला मात्र ती त्या दिवशी, त्या गाडीत, कांद्याच्या वासात ऐकायला मिळाली, म्हणून तिचा अर्थ लागला.

या जान जुगांबद्दल मग मी मिळेल ते वाचत गेले आणि सिस्टरांना विचारत गेले.

तिचा जन्म 25 ऑक्टोबर 1792चा, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात कांकाल या मच्छीमारांच्या गावी. राज्यक्रांतीचे दिवस, चर्चवर बंदी, बायका घराघरांत लपूनछपून मुलांना प्रार्थना शिकवत. ती चार वर्षांचीही नव्हती तेव्हा वडील समुद्रावर गेले ते परत आले नाहीत. आमच्या वसईच्या किनाऱ्यावर कोळीवाड्यांतून असे किती बाप परतले नाहीत ते आम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे हा भाग वाचताना परका वाटला नाही. ती गुरं राखायची, विणायची, आणि पुढे एका जमीनदाराच्या वाड्यात स्वयंपाकघरात कामाला लागली. एका खलाशाने मागणी घातली, तिने नाकारली. देवाने मला एका कामासाठी राखून ठेवलंय, ते काम अजून सुरूच झालेलं नाही, असं तिचं म्हणणं. पंचविसाव्या वर्षी सें-सेर्वां या बंदराच्या गावी इस्पितळात सेविका म्हणून गेली. तिथे राबून प्रकृती ढासळली, तेव्हा एका बाईंच्या घरी बारा वर्षं मोलकरीण आणि सोबतीण म्हणून राहिली.

म्हणजे चाळिशी उलटून गेली तरी हातून काहीच ‘घडलेलं’ नाही. भाड्याच्या दोन खोल्या, एक वयस्क मैत्रीण, एक अनाथ मुलगी, आणि लोकांचे कपडे धुऊन, सूत कातून मिळणारे चार पैसे. 1839च्या हिवाळ्यात ती आन शोव्हां नावाच्या एका आंधळ्या, अर्धांगवायू झालेल्या म्हातारीला अरुंद जिन्यावरून वर घेऊन आली, स्वतःच्या पलंगावर झोपवलं आणि आपण माळ्यावर झोपायला गेली. मंडळाची स्थापना म्हणतात ती एवढीच. पाठोपाठ दुसरी म्हातारी आली. तिचे मालक कंगाल झाल्यावरही ती पगाराशिवाय त्यांच्याकडे राबत राहिली होती, वेळेला त्यांच्यासाठी भीक मागत होती. मालक गेले आणि ती रस्त्यावर आली. हे वाचलं तेव्हा मला आत्याच्या खोलीत जाऊन तिला सांगावंसं वाटलं, आणि सांगितलंही. आत्या म्हणाली, “मग ती आमच्यातलीच की.” एका मोलकरणीने दुसऱ्या मोलकरणीसाठी पलंग सोडला, हे आत्याला माझ्यापेक्षा लवकर समजलं.

म्हाताऱ्या वाढल्या. त्यातल्या कित्येक जणी आधी दारोदार मागून पोट भरायच्या, ते आता होईना. तेव्हा जानने त्यांना त्यांच्या देणाऱ्यांची घरं विचारून घेतली आणि टोपली घेऊन ती स्वतः त्यांच्या जागी गेली. पहिल्यांदा तिलाही ते फार अवघड गेलं, असं सांगतात. शिळा भाकरतुकडा, बटाटे, जुने कपडे, होडीवरचे दोर, जे मिळेल ते. आपल्याकडे माधुकरी मागून शिकलेली माणसं आपल्या आजोबांच्या पिढीत होती. जान मागायची ती ज्यांचं मागणं थांबलं त्यांच्या नावाने. 1845 साली फ्रेंच अकादमीने तिला मोंतियों पुरस्कार दिला, 3000 फ्रँकचा, आणि त्या भाषणात तिच्या टोपलीचाही उल्लेख झाला. ती रक्कम घराच्याच कामी आली.

पण हा पुरस्कार मिळाला त्याच्या दोन वर्षं आधी काय झालं होतं? 1843च्या डिसेंबरात मंडळातल्या सोबतिणींनी, म्हणजे बहिणींनी, जानला पुन्हा प्रमुख म्हणून निवडलं. मंडळाला मार्गदर्शन करणारे धर्मगुरू लपायेर यांनी दोनच आठवड्यांत ती निवड रद्द केली आणि तेवीस वर्षांच्या मारी जामे या मुलीला प्रमुख नेमलं. जान एक शब्द न बोलता परत टोपली घेऊन रस्त्याला लागली. रेन, दिनां, तूर, आंजे इथली घरं तिच्या पायपिटीवर उभी राहिली. 1852 साली तिचं बाहेर जाणंही बंद केलं आणि तिला नवदीक्षितांच्या, म्हणजे मंडळात नव्याने आलेल्या मुलींच्या, घरात आणून बसवलं. तिचं व्रतस्थ नाव सिस्टर मारी ऑफ द क्रॉस. तिथे ती सत्तावीस वर्षं राहिली, आधी रेनला, मग 1856 पासून सें-पेर्नच्या मातृगृहात, म्हणजे मंडळाच्या मुख्य घरात. सोबत शेकडो तरुण मुली. हीच आपली संस्थापिका हे त्यातल्या बहुतेकींना ठाऊकच नव्हतं. लपायेर स्वतःलाच संस्थापक म्हणवून घेत होते. 29 ऑगस्ट 1879 रोजी जान वारली, तेव्हा मंडळात सुमारे 2400 बहिणी होत्या. 1890 साली रोमने लपायेर यांना पदावरून दूर केलं आणि मग हळूहळू खरं बाहेर आलं. 1982 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला धन्यवादित (ही संतपदाच्या आधीची पायरी) आणि 11 ऑक्टोबर 2009 रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी संत म्हणून घोषित केलं.

हा भाग मला अजूनही सहन होत नाही. अन्याय हा अन्यायच, आणि पुढे संतपद दिलं म्हणून तो पुसला जात नाही, असं मी सिस्टरांना म्हटलं. त्या माझ्याशी वाद घालायला बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, तिने लपायेरना तोंडावर सांगितलं होतं की तुम्ही माझं काम माझ्याकडून चोरलंत, पण मी ते तुम्हाला आनंदाने देते. म्हणजे चोरीला चोरी म्हणायला ती कचरली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. आणि त्या नवदीक्षितांना ती काय सांगत असे? लहान व्हा, देवासमोर अगदी लहान व्हा. तुमचा धीर आणि ताकद संपेल तेव्हा प्रभू येशूकडे जा आणि म्हणा, काय चाललंय ते तुला दिसतंच आहे, मला तुझ्याशिवाय कुणी नाही, मदतीला ये. या घरातल्या सिस्टर रात्रपाळीला निघण्याआधी चॅपेलमध्ये मिनिटभर गुडघे टेकतात तेव्हा बहुधा हेच म्हणत असाव्यात.

मागून आणलेला माल घरी आल्यावर पुढचं काम सुरू होतं. टोमॅटो निवडायचे, नरम झालेले आजच, कडक उद्याला. पालेभाजी लगेच धुवायची. डाळ-तांदूळ चाळून डब्यात. स्वयंपाकघराच्या वाटेवर येशूचा सांभाळ करणाऱ्या संत योसेफचा हातभर उंचीचा पुतळा आहे, आणि घरात जे संपत आलंय त्याचा नमुना त्याच्या पायाशी ठेवलेला असतो. मी पाहिलं तेव्हा वाटीत मूठभर तूरडाळ, शेजारी कपडे धुण्याच्या पावडरची रिकामी पिशवी नीट घडी घालून, आणि मोठ्यांच्या डायपरचा एक तुकडा होता. ही रीत आंजेची. तिथे एकदा म्हाताऱ्यांना भाकरीला लावायला लोणी नव्हतं, तेव्हा जानने रिकामी भांडी संत योसेफसमोर ठेवून लोणी पाठव अशी चिठ्ठी लावायला सांगितली होती. आत येणारा माणूस पुतळ्यापाशी थांबतो, वाटीकडे बघतो, आणि बऱ्याचदा पुढच्या वेळी तेच घेऊन येतो. संत योसेफ असेच पाठवत असतील तर माझी हरकत नाही.

दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं सगळ्याच धर्मभगिनी घेतात. या चौथं घेतात, आदरातिथ्याचं. ते काय असतं हे मला आत्याच्या शेवटच्या दिवसांत कळलं. डॉक्टरांनी आता इस्पितळात नेण्यात अर्थ नाही असं सांगितलं, तेव्हापासून तिच्या खोलीत कुणी ना कुणी कायम होतं. सिस्टर पाळ्या लावून बसायच्या. ओठ ओल्या कापसाने टिपायच्या, दर दोन तासांनी कुशीवर वळवायच्या, मराठी येत नसलेल्या सिस्टरसुद्धा तिच्या कानाशी रोझरी म्हणायच्या. मरणाऱ्या माणसाला एकटं ठेवायचं नाही हा या मंडळाचा पहिल्यापासूनचा नेम आहे. कऱ्हाडच्या आजींना व्हीलचेअरवरून आणलं, त्यांनी आत्याचा हात धरला. गेली तेव्हा पहाट होती, चौघी सिस्टर पलंगाभोवती उभ्या राहिल्या आणि त्यांनी मरियेचं ‘साल्वे रेजिना’ गायलं. लोकांच्या घरी चूल सांभाळण्यात आत्याचं आयुष्य गेलं, आणि तिच्या शेवटच्या आठवड्यात चार बायका तिच्या उशाशी जागत होत्या.

1882 साली या सिस्टर पहिल्यांदा भारतात आल्या, कोलकात्याला. 1948च्या अखेरीस मदर तेरेसा लोरेटोचं मंडळ सोडून पाटण्याला शुश्रूषेचं शिक्षण घेऊन परतल्या, तेव्हा त्यांना आधी आसरा मिळाला तो या लिटल सिस्टर्सच्याच घरी, आणि तिथूनच त्या वस्तीत जायला निघायच्या. हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

आत्या गेल्यावरही मी जात राहिले. मध्यंतरी माझ्याच ओळखीतून एक प्रसंग उभा राहिला. माझ्याबरोबर बँकेत असलेले एक गृहस्थ घर बघायला आले, भारावले आणि म्हणाले, मी दहा लाखांची ठेव ठेवतो, व्याजातून दरवर्षीचा तांदूळ निघेल, तुम्हाला उन्हातान्हात हिंडायला नको. मला वाटलं, काय सुंदर कल्पना. मदर सुपिरियरनी हात जोडून नकार दिला. देणगी द्या, गरज आहे तिथे लगेच खर्च करू, पण कायमचं उत्पन्न येईल अशी ठेव आम्ही घेत नाही. गृहस्थ दुखावले. मला पुढे करून पुन्हा विचारलं, मीही बँकेच्या भाषेत बाजू मांडली.

तेव्हा मला 1865ची हकीकत समजली. मंडळापुढे तेव्हा हाच प्रश्न आला होता: कायमचं उत्पन्न देणारी मालमत्ता, वार्षिक व्याज देणारे निधी घ्यायचे का? त्यासाठी जानला नवदीक्षितांच्या घरातून बोलावून घेतलं. आपण अडाणी बाई, सल्ला काय देणार, असं म्हणत तिने आधी आढेवेढे घेतले. मग आग्रह झाल्यावर सांगितलं की आपण कायमच्या उत्पन्नाला नाही म्हणावं आणि देवाच्या भरवशावरच राहावं. तिचं ऐकलं गेलं. निर्णयाच्या कागदावर तिची सही आहे. बावीस वर्षं बाजूला ठेवलेल्या बाईचा शब्द त्या दिवशी चालला, आणि आज सुमारे 30 देशांतली यांची घरं त्याच शब्दावर चालतात.

व्यवहाराच्या हिशोबाने मला यात धोका दिसतोच. पण बाजारात हिंडून एक गोष्ट मी पाहिली आहे. व्याजावर तांदूळ आला असता तर कोथिंबीरवाल्या मावशीला त्या गाणाऱ्या आजी माहीत झाल्या नसत्या. कांदेवाल्याच्या आईची चौकशी कुणी केली नसती. म्हाताऱ्या माणसांचं घर भिंतीआड गेलं असतं. आठवड्याला शंभरेक माणसांना या घराची आठवण होते ती सिस्टर त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहतात म्हणून.

त्या गृहस्थांनी शेवटी रकमेतला काही भाग सरळ दिला. त्यातून अंथरुणाला खिळलेल्यांसाठी हवेच्या गाद्या घेतल्या, कारण पाठीला जखमा होण्याचा प्रश्न मोठा होता. तांदूळ अजून मागूनच येतो. सध्या तूरडाळीची चणचण आहे, आणि पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून जुन्या सुती चादरी आणि धोतरं लागतात. कुणाकडे असतील तर धुऊन, घडी घालून सरळ नेऊन द्यावीत, फोन करून जाण्याची गरज नाही.